भाऊ, खरा दर कोणत्या फाईलीत आहे?

(तेंदूपत्त्याच्या हिशोबाचा प्रोग्राम करून देणाऱ्या एका प्रोग्रामरला खुले पत्र)

भाऊ,

तुमचं नाव मला ठाऊक आहे, कारण ते तुम्ही प्रत्येक फाईलीच्या डोक्यावर लिहून ठेवलंय. नावाखाली मोबाईल नंबर आहे, तो लागत नाही. त्याखाली 'सर्व हक्क राखीव' अशी ओळ आहे. हक्क तेवढे राखून ठेवलेत. जबाबदारी कोणत्या फोल्डरमध्ये ठेवलीत? मी सगळे फोल्डर उघडून पाहिले, कुठेच सापडली नाही. म्हणून हे पत्र चारचौघांसमोर लिहितोय. नाव छापत नाही. नाव छापलं तर लोक म्हणतील, एका माणसाची गोष्ट आहे, सोडून द्या. पण तुमच्यासारखे प्रोग्राम करून देऊन गायब होणारे चंद्रपूर-गडचिरोलीत गल्लोगल्ली बसले आहेत.

कुरखेड्याकडच्या एका ग्रामसभेला तुम्ही पीएचपी या संगणकाच्या भाषेत प्रोग्राम करून दिला. रोज संध्याकाळी फळीवर, म्हणजे पानं जमा करायच्या जागी, कोणी किती पुडे टाकले त्याची नोंद, त्यावरून मजुरी, तिची पावती, आणि हंगामाच्या शेवटी बँकेत द्यायची यादी. काम मोठं नाही. पण त्या कामावर काय अवलंबून आहे हे तुम्हाला माहीत होतं, तुम्ही याच मुलखातले. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. मे महिन्यात इथे पारा 45च्या वर जातो. बाया उजाडायच्या आत जंगलात जातात, पानं तोडून आणतात, घरी येऊन सगळं कुटुंब पुडे बांधायला बसतं. 70 पानांचा एक पुडा, आणि मजुरी शेकडा पुड्यांवर. संध्याकाळी ते पुडे फळीवर ओळीनं मांडायचे, मोजून घ्यायचे, वहीत नोंद करायची. हे जेमतेम दोन-तीन आठवडे चालतं. त्या दिवसांत मिळालेल्या रोख पैशांवर पोरांच्या वह्या, खत-बियाणं, कुणाचं तरी दवाखान्याचं देणं, असं सगळं भागवायचं असतं.

आणि हा हिशोब ग्रामसभेच्या हाती असाच आलेला नाही. 1996 साली पेसा कायदा झाला, 2006 साली वनहक्क कायदा झाला, त्यात तेंदू आणि बांबू गौण वनोपजात धरले गेले. 2009 साली धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखा गावाला सामूहिक वनहक्क मिळाला. तरी स्वतःचा बांबू विकायचा वाहतूक परवाना हाती यायला 2011 उजाडलं, आणि तो द्यायला तेव्हाचे केंद्रीय मंत्री जयराम रमेश स्वतः गावात आले होते. इतकी वर्षं भांडून जो हिशोब ठेकेदाराच्या मुनशीकडून गावाकडे आला, त्याला तुम्ही हात घातलात. आणि कसा घातलात ते आता बघू.

यंदा लिलाव झाला, दर बदलला. आकडे सोपे करून सांगतो. समजा मागच्या वर्षी शेकडा 400 रुपये होते, यंदा 450 झाले. गावातला जो पोरगा संगणकावर बसतो, त्यानं दर शोधला, एका फाईलीत सापडला, तिथे बदलला. पावत्या बरोबर निघू लागल्या. 1,200 पुडे टाकलेल्या बाईच्या पावतीवर 5,400 रुपये आले. बँकेच्या यादीत तिच्या नावापुढे 4,800 होते. ती पावती आणि पासबुक घेऊन ग्रामसभेच्या कार्यालयात आली आणि दोन्ही टेबलावर ठेवून म्हणाली, "दोन कागद हायेत जी, दोन पैसे हायेत. खरा कोनता?"

भाऊ, या प्रश्नाचं उत्तर तुमच्या प्रोग्रामकडे नव्हतं. मजुरी काढायचं जे फंक्शन तुम्ही लिहिलं होतं, ते सहा फाईलींत आहे. नोंदीच्या पानात आहे, पावतीच्या पानात आहे, आठवड्याच्या बेरजेत, बँकेच्या यादीत, ऑडिटच्या तक्त्यात आहे, आणि 'न्यू फायनल 2' नावाच्या एका फाईलीत आहे, जी कोणीच वापरत नाही. सहाही ठिकाणी नाव एकच. चार ठिकाणी दर फंक्शनच्या पोटात आकड्यानं लिहिलेला, दोन ठिकाणी बाहेरून घेतलेला. एके ठिकाणी तुम्ही पैसे पूर्णांकात करताना खाली उतरवले, दुसरीकडे जवळच्या रुपयाला नेले. म्हणजे दर सगळीकडे सारखा असता तरी दोन पानांची बेरीज जुळली नसती.

त्या पोरावर गावात बोट ठेवलं गेलं. दर त्यानं बदलला होता ना! त्याची चूक एवढीच की एक गोष्ट एकाच ठिकाणी लिहिलेली असते, असं त्यानं गृहीत धरलं. असं गृहीत धरायचा त्याला पूर्ण अधिकार होता.

तुम्ही आळशी आहात असं म्हणून मी सुटलो असतो. पण तुमचा कोड मी नीट वाचलाय, आणि नकला का निघाल्या त्याचा पुरावा तुम्हीच ठेवलाय. पावतीच्या पानात वरच एक ओळ आहे. नोंदीचं पान इन्क्लूड करायची ती ओळ, आणि ती तुम्ही बंद करून ठेवली आहे. शेजारी टीप आहे: इन्क्लूड करू नये, डबल एन्ट्री होते.

इथेच सगळं आहे. तुम्ही मजुरीचं फंक्शन नोंदीच्या पानातच लिहिलं. त्या पानात वर डेटाबेस उघडला जातो, मग फॉर्ममधून आलेले पुडे तक्त्यात टाकले जातात, मग टेबल छापलं जातं, आणि या सगळ्याच्या मध्ये कुठेतरी ते फंक्शन बसलंय. पीएचपीत दुसरी फाईल इन्क्लूड केली की त्यातली फक्त फंक्शनं उचलली जात नाहीत. ती फाईल तिथल्या तिथे चालते, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत. तिच्यात छापायला सांगितलं असेल ते छापलं जातं, तक्त्यात टाकायला सांगितलं असेल ते टाकलं जातं. तुम्हाला हवं होतं एक फंक्शन, आलं अख्खं पान. पावती काढली की त्याच बाईचे पुडे दुसऱ्यांदा नोंदले गेले. तुम्ही घाबरलात, ओळ बंद केलीत, आणि फंक्शन कॉपी करून पावतीत चिकटवलंत. मग बेरजेत, मग यादीत.

म्हणजे चूक तुम्हाला दिसली होती, तुम्ही ती लिहूनही ठेवली होती, आणि तरी तुम्ही ती बाईच्या पासबुकापर्यंत जाऊ दिलीत.

करायचं काय होतं ते सांगतो, कारण तुमच्या मागून येणारी पोरं हे पत्र वाचतील. मजुरीचं फंक्शन नोंदीच्या पानातून उचलून वेगळ्या फाईलीत ठेवायचं. त्या फाईलीत फक्त फंक्शन. काही छापायचं नाही, डेटाबेस उघडायचा नाही, फॉर्म वाचायचा नाही. फंक्शनला दोन गोष्टी हातात द्यायच्या, पुडे किती आणि शेकडा दर किती, आणि त्यानं एकच आकडा परत करायचा. एवढंच. मग पावती असो, यादी असो, ऑडिट असो, प्रत्येक पानानं वरच्या ओळीत ती फाईल 'रिक्वायर वन्स'नं मागवायची आणि फंक्शनला नावानं हाक मारायची. फाईल शंभर पानांनी मागवली तरी तिच्यातून एक अक्षर छापलं जाणार नाही, एक नोंद दोनदा होणार नाही. पीएचपी लिहिणाऱ्या जाणत्या लोकांनी 2012 साली जो मूलभूत सामाईक नियम घालून घेतला, पीएसआर-1, त्यात हेच आहे: फाईलीनं एक तर फंक्शनं आणि क्लास सांगावेत, नाही तर काम करावं. दोन्ही एकाच फाईलीत करू नये.

'वन्स' का, तेही सांगून टाकतो. एकाच पानाच्या कामात तीच फाईल दोनदा मागवली गेली की पीएचपी थांबते आणि म्हणते, हे फंक्शन आधीच सांगून झालंय, पुन्हा सांगता येणार नाही. 'वन्स' लावलं की दुसऱ्या वेळी ती फाईल पुन्हा वाचलीच जात नाही. तुमच्या सहा नकला एकमेकींसमोर आल्या असत्या तर पीएचपीनंच तुमची चोरी पकडली असती. म्हणून तुम्ही त्या कधी समोरासमोर येऊच दिल्या नाहीत.

आता तुमच्या त्या 'अ‍ॅट' चिन्हाबद्दल. ते मी कोडमध्ये पाहिलं तेव्हा मला खरोखर संताप आला. दर ठेवायला तुम्ही एक वेगळी फाईल केली होती, ही तुमच्या हातून झालेली बरी गोष्ट. पण ती मागवलीत 'इन्क्लूड'नं, आणि पुढे 'अ‍ॅट' लावलंत. इन्क्लूड आणि रिक्वायर यांत फरक एवढाच की फाईल सापडली नाही तर रिक्वायर काम बंद पाडते, इन्क्लूड नुसती सूचना देऊन पुढे जाते. 'अ‍ॅट' लावून तुम्ही ती सूचनाही गिळायला लावलीत. तुमच्या लॅपटॉपवर विंडोज होतं आणि झँप. विंडोजला फाईलीच्या नावातलं अक्षर मोठं की छोटं याचं देणंघेणं नाही. सर्व्हर होता लिनक्स, त्याला असतं. फाईलीच्या नावात तुम्ही मोठा आर ठेवलात, मागवताना छोटा आर लिहिलात. तुमच्याकडे चाललं, सर्व्हरवर फाईल सापडली नाही. सूचना दाबलेली. दराचं व्हेरिएबल रिकामं. आणि रिकाम्याला पुड्यांनी गुणलं तर पीएचपी शून्य देते.

याच फाईलीवर चालणाऱ्या बोनसच्या तक्त्यात एका टोल्यावरच्या, म्हणजे पाड्यावरच्या, घरांपुढे शून्य छापलं गेलं. पान लाल झालं नाही, थांबलं नाही, काही बोललं नाही. शून्य रुपये, स्वच्छ टेबलात, तुमच्या नावासकट. प्रोग्राम बंद पडला असता तर पोरानं फोन केला असता आणि काम अर्ध्या दिवसात सुटलं असतं. तुम्हाला प्रोग्राम बंद पडलेला दिसायला नको होता, कारण बंद पडला की फोन तुम्हाला येणार. म्हणून तुम्ही तो खोटं बोलायला शिकवला.

जिथे पैशाचा आकडा त्या फाईलीवर उभा आहे, तिथे रिक्वायरच लावायची. फाईल नाही तर मजुरी नाही, सरळ थांबा. पैसे वाटायला एक दिवस उशीर झाला तर बाया समजून घेतात. चुकीचे वाटले की गाव फुटतं.

फाईलीचा पत्ताही तुम्ही 'दोन टिंब, तिरकी रेघ' असा लिहिलाय, म्हणजे एक फोल्डर मागे जाऊन बघ. कुठून मागे? तुम्हाला वाटलं, जी फाईल लिहितोय तिच्यापासून. टिंबानं सुरू होणारा पत्ता पीएचपी चालू फोल्डरपासून मोजते, आणि ते ठरतं ब्राउझरनं कोणतं पान उघडलं त्यावरून. रात्री आपोआप चालणाऱ्या कामात तर चालू फोल्डर तिसरंच असतं. म्हणून तुमची रात्रीची बेरीज कधी चाललीच नाही. फाईल स्वतः कुठे बसली आहे ते सांगणारा 'डिर' नावाचा स्थिरांक पीएचपी 5.3पासून, म्हणजे 2009 पासून आहे. मागवताना पत्ता त्याच्यापासून लिहायचा. जगातल्या लाखो संकेतस्थळांवर चालणारं वर्डप्रेस उघडून बघा. त्याची पहिली फाईल जवळजवळ रिकामी आहे, आणि तिच्यातलं खरं काम म्हणजे 'डिर'पासूनच्या पत्त्यानं दुसऱ्या फाईलीला रिक्वायर करणारी एक ओळ. तुम्ही दुकानदारांना वर्डप्रेस बसवून देता, त्याचे पैसेही घेता. ती ओळ कधी वाचली नाहीत?

मग तुम्ही क्लास शिकलात. कुठेतरी पाहिलं असणार, कारण पुढच्या आवृत्तीत तुम्ही 'हिशोब' नावाचा क्लास केला आणि सगळी फंक्शनं त्यात कोंबलीत. क्लास वेगळ्या फाईलीत आहे, रिक्वायर वन्सनं मागवलाय, इथवर ठीक. पण मेथड सांगताना तुम्ही तिला स्टॅटिक म्हटलं नाहीत, आणि हाक मारताना मात्र क्लासच्या नावापुढे डबल कोलन लावून मारलीत, जणू ती स्टॅटिकच आहे. जुन्या पीएचपीनं तुमचं चालवून घेतलं. 2015 च्या अखेरीस आलेल्या पीएचपी 7 नं बजावलं की हे बंद होणार आहे. 2020 च्या नोव्हेंबरात आलेल्या पीएचपी 8 नं ते बंद केलं. पाच वर्षांचा अवधी होता. सर्व्हरवाल्यानं पीएचपी वर नेली, त्या दिवशी पावत्या थांबल्या. तुमचा त्यावरचा सल्ला पोराकडे मेसेजमध्ये अजून आहे: जुनीच पीएचपी लावून मागा. म्हणजे सुरक्षेच्या दुरुस्त्या ज्या आवृत्तीला मिळत नाहीत, तिच्यावर बायांचे खाते क्रमांक ठेवा, का, तर तुमचे डबल कोलन चालावेत!

यात विचार करण्यासारखा खरा मुद्दा होता, आणि तो तुम्ही ओळखला असता तर तुमचं काम चांगलं झालं असतं. मजुरीचं नुसतं गणित, पुडे गुणिले दर भागिले शंभर, याला कोणाची ओळख लागत नाही. ते साधं फंक्शन असावं किंवा स्टॅटिक मेथड असावी, डबल कोलननं हाक मारावी, काही बिघडत नाही. पण ग्रामसभा म्हणजे नुसतं गणित नव्हे. प्रत्येक ग्रामसभेचा लिलाव वेगळा, दर वेगळा, कधी एकाच गावच्या दोन फळ्या. कोरचीसारख्या तालुक्यात ग्रामसभांनी एकत्र येऊन महाग्रामसभा उभी केली आहे, तिथे एकाच तक्त्यात अनेक गावांचे दर येणार. तिथे दर क्लासवर स्टॅटिक ठेवलात तर शेवटच्या गावाचा दर सगळ्यांना लागतो. तिथे ऑब्जेक्टच हवा. 'न्यू' म्हणून एका ग्रामसभेचा ऑब्जेक्ट करायचा, करतानाच तिचा दर त्याच्या हाती द्यायचा, आणि मग बाणाचं चिन्ह लावून त्या ऑब्जेक्टला विचारायचं, तुझ्या दरानं इतक्या पुड्यांची मजुरी किती? दुसऱ्या गावाचा दुसरा ऑब्जेक्ट, त्याचा दर त्याच्यापाशी. मेथडच्या आत 'धिस' म्हणजे ज्या गावाला विचारलं ते गाव. कोणाचा दर कोणाला लागणार नाही. डबल कोलन की बाण, हा प्रश्न इथे व्याकरणाचा राहत नाही. कोरचीतल्या एका गावाचे पैसे दुसऱ्या गावाच्या दरानं मोजले जातील की नाही, हे त्यावर ठरतं.

तुमच्या 'ग्लोबल'बद्दलही बोलायला हवं. पीएचपीत फंक्शनला बाहेरची व्हेरिएबलं दिसत नाहीत. पुष्कळांना हे त्रासाचं वाटतं, तुम्हालाही वाटलं, म्हणून प्रत्येक फंक्शनच्या पहिल्या ओळीत तुम्ही ग्लोबल म्हणून दहा-दहा नावं ओढून घेतलीत. त्यात दर आहे, वर्ष आहे, डेटाबेसची जोडणी आहे. आता कोणत्या पानानं वर्ष कधी बदललं आणि त्यामुळे कोणत्या फंक्शननं कोणता आकडा दिला, हे शोधायला सगळा प्रोग्राम एकदम डोक्यात धरावा लागतो. फंक्शनला जे लागतं ते कंसात द्या. कंस वाचला की कळतं, हे फंक्शन कशावर चालतं. गावातल्या बारावी झालेल्या पोराला तेवढं नक्की वाचता येतं.

आणि ते पान, जे पत्त्यातून नाव घेऊन फाईल इन्क्लूड करतं! पत्त्यात 'पेज बरोबर पावती' लिहिलं की पावती, 'यादी' लिहिलं की यादी. जे नाव येईल ते तुम्ही जसंच्या तसं इन्क्लूडला दिलंत. कुणी तिथे दोन टिंबांची रांग लावून सर्व्हरवरची भलतीच फाईल मागितली तर? फोटो म्हणून पीएचपीचा कोड चढवला आणि त्याचंच नाव दिलं तर? इन्क्लूड तो चालवणार, इन्क्लूडचं कामच ते आहे. बाहेरच्या संकेतस्थळावरून कोड ओढून चालवायची वाट पीएचपी 5.2 नं 2006 सालीच मुळात बंद ठेवली, इतका या एका सवयीनं जगभर धुमाकूळ घातला होता. आतली वाट मात्र लिहिणाऱ्यानंच बंद करायची असते. चार पानं आहेत, चार नावांची यादी कोडमध्ये लिहायची, आलेलं नाव यादीत असेल तरच फाईल मागवायची. वर तुमची डेटाबेसच्या पासवर्डाची फाईल '.इन्क' शेपटीची होती. सर्व्हरला त्या शेपटीची ओळख नव्हती, त्यामुळे पत्ता टाकला की ती पीएचपी म्हणून न चालता साधा मजकूर म्हणून उघडत होती, पासवर्डासकट. मी ती बंद केली, पासवर्ड बदलला. त्या डेटाबेसमध्ये गावातल्या बायांची नावं, आधार आणि खाते क्रमांक आहेत. त्यांनी ते ग्रामसभेवर विश्वास ठेवून दिले होते, आणि ग्रामसभेनं तुमच्यावर.

हे सगळं नवं आहे, आम्हाला कोणी शिकवलं नाही, असं म्हणू नका. केंब्रिजमध्ये एड्सॅक नावाचा संगणक 1949 साली सुरू झाला. विल्क्स, व्हीलर आणि गिल यांनी 1951 साली त्यावर पुस्तक लिहिलं, आणि त्याचा गाभाच हा आहे: पुन्हा पुन्हा लागणारं गणित एकदा लिहावं, तपासावं, कागदी फितीवर जपून ठेवावं आणि प्रत्येक प्रोग्रामनं तिथून घ्यावं. फिती भोकं पाडून करायच्या, तेव्हाही त्यांनी संग्रह केला. तुमच्याकडे एक ओळ लिहायची होती. खुद्द पीएचपी घ्या. रास्मुस लेरडॉर्फनं आपल्या बायोडेटाचं पान कोण बघतं ते मोजायला सी भाषेत छोटे प्रोग्राम लिहिले होते. त्यांचाच संच त्यानं 1995 च्या जूनमध्ये लोकांसाठी खुला केला. एकानं लिहिलेलं दुसऱ्यानं बोलावून वापरावं, यातूनच ही भाषा आली आहे.

शिकवण्याचा विषय निघाला म्हणून सांगतो. तुमचा हाच प्रोग्राम, नाव बदलून, मी चंद्रपुरात शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट म्हणून विकला जाताना पाहिला. सिरोंच्याहून, एटापल्लीहून, चिमूरहून पोरं इथे येतात, भाड्याच्या खोलीत तिघं-चौघं राहतात, बीसीए करतात. त्यांच्या हातात तुम्ही हीच झिप देता: सहा नकला, अ‍ॅट चिन्हं, ग्लोबल, पत्त्यातून इन्क्लूड. ती पोरं तो कोड पाठ करतात, तोंडी परीक्षेत सांगतात, आणि समजतात की प्रोग्राम असाच लिहायचा असतो. त्यांच्यातलाच कोणी उद्या आपल्या गावच्या ग्रामसभेचा हिशोब लिहील. क्लास वाढले की ते आपोआप मागवायची सोय पीएचपीत 2004 पासून आहे, कंपोझर 2012 पासून आहे, फुकट आहे. ती सोय क्लासपुरती असते, सुटी फंक्शनं मात्र आपल्यालाच मागवावी लागतात, हा बारकावाही एका तासात शिकवून होतो. तो तास तुम्ही त्यांना दिला नाहीत. झिप दिलीत आणि पैसे घेतलेत.

त्या गावचा प्रोग्राम आता दुरुस्त आहे. मजुरीचं फंक्शन एका फाईलीत आहे, दर डेटाबेसमध्ये वर्षाप्रमाणे आणि फळीप्रमाणे आहे, ग्रामसभेनं ठराव केल्याशिवाय तो बदलता येत नाही. ज्या पोरावर बोट ठेवलं गेलं होतं त्यानंच बाकीच्या पाच नकला शोधून काढून टाकल्या, मी शेजारी बसलो होतो. मग त्यानं फंक्शनमध्ये मुद्दाम एक चूक केली आणि पावती, यादी, ऑडिट तिन्ही पानं उघडली. तिन्हीकडे सारखीच चूक दिसली. तेव्हा तो म्हणाला, "आता बराबर आहे जी." त्याला जे एका दुपारी कळलं ते तुम्हाला इतकी वर्षं प्रोग्राम विकून कळलं नाही. त्या बाईचे राहिलेले 600 रुपये ग्रामसभेनं दिले. यादीतल्या प्रत्येक घराचा फरक काढून दिला.

पण तुम्ही हा प्रोग्राम एकाच गावाला दिलेला नाही. कोडमध्ये दुसऱ्या दोन गावांची नावं अर्धवट पुसलेली दिसतात, म्हणजे आधी तिकडे बसवला होता. तिथे मागच्या वर्षीच्या दरानं यादी गेली असेल आणि कोणी पावतीशी ताडून पाहिली नसेल, तर ते पैसे कुठे अडकलेत कोणास ठाऊक. बेलकटाई, म्हणजे तेंदूच्या झुडपांची छाटणी, फेब्रुवारी-मार्चात सुरू होते, आणि लिलाव होऊन नवे दर येतात. त्याच्या आत तुम्ही जिथे जिथे हा प्रोग्राम बसवलाय त्या गावांची यादी मला पाठवा. गावाचं नाव, सर्व्हर कुठला, पीएचपीची आवृत्ती कोणती आणि मजुरीचं फंक्शन कोणकोणत्या फाईलींत चिकटवलंय, एवढं लिहा. आठवत नसेल तर फोल्डरच्या झिप पाठवा, आम्ही शोधून घेऊ. दुरुस्तीचे पैसे तुमच्याकडे मागणार नाही. गावांना मात्र सांगावं लागेल की तुमच्या याद्या पुन्हा तपासा, आणि ते सांगायला तुम्ही आमच्याबरोबर यायचं आहे.

तुमच्या मागून आलेला एक प्रोग्रामर,
चंद्रपूर